काजळाई सरळ उत्तर देत नाही

गेली काही वर्षं मी चेटकीण आहे. घाबरू नका, कामापुरती. घरी मी शालन. गुडघे दुखणारी, सुनेच्या चहात साखर जास्त म्हणून कुरकुरणारी, साठी उलटलेली बाई. पण 'धुकेगड' नावाचा व्हिडिओ गेम खेळणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, काजळाई कोण? त्याच्या अंगावर काटा येतो. त्या काजळाईचा आवाज माझा. नाक कंपनीचं, पांढऱ्या जटा कंपनीच्या, हातातला कंदील कंपनीचा. आवाज तेवढा कोल्हापूरच्या कसबा बावड्याचा.

माझ्या वयाच्या वाचकांसाठी जरा फोड करून सांगते. सिनेमा आपण नुसता बघतो, गेम खेळणारा स्वतः चालवतो. धुकेगडचं राज्य धुक्यात बुडालंय, राजाची लहान मुलगी नाहीशी झालीय आणि खेळणारा शिपाई होऊन तिला शोधत हिंडतो. तिठ्यातिठ्यावर त्याला एक म्हातारी भेटते, ती काजळाई. वाट विचारली तर ती सांगते, पण सरळ सांगत नाही. तिचं ऐकून कधी शिपाई वाचतो, कधी थेट दरीत जातो. ती चांगली की वाईट, यावरून पोरं इंटरनेटवर एकमेकांची आई-बहीण काढतात म्हणे.

लोकांना वाटतं, मला तरी सगळी गोष्ट माहीत असणार. डोंबलाची माहीत! या धंद्यात गोष्ट कुणी सांगत नाही. सुटी सुटी वाक्यं येतात. 'ये, बस.' 'पाणी पिऊन जा.' 'तुझ्या अगोदर आलेले अजून इथंच आहेत.' एकच वाक्य रागानं म्हणा, मायेनं म्हणा, दमल्यासारखं म्हणा. शिपाई काय करेल तसं कंप्युटर त्यातलं एक निवडतो. समोर दुसरा नट नसतो. जाड पडदे लावलेली माजघराएवढी खोली, एक माईक आणि काचेपलीकडं अजित. अजित म्हणजे राजारामपुरीत स्टुडिओ चालवणारा आमचा रेकॉर्डिंगवाला. मला मावशी म्हणतो आणि माझ्या शिव्या खातो. पुण्याहून कंपनीचा दिग्दर्शक रोहन पडद्यावर दिसायचा, पोरगेलासा. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला मी त्याला विचारायची, "बाबा, ही बाई चांगली का वाईट, एवढं तरी सांग. मला म्हणायला सोपं जाईल." तो गोड हसायचा. "मॅम, ते आपण ओपन ठेवलंय." ओपन म्हणे! दुकान आहे का ते?

मी मूळची नाटकातली. नाटक कंपन्या एकेक करत बसल्या आणि पोटासाठी आवाज बाजारात आणला. रिक्षावर कर्णा बांधून जाहिराती फिरतात ना, त्यातल्या निम्म्या मीच ओरडले आहे. पेठ वडगावच्या बाजारात एकदा वांगी घेत होते आणि शेजारून माझीच रिक्षा गेली, साड्यांचा सेल सांगत. वांगीवाली कानावर हात ठेवून म्हणाली, "ह्या बाईला कुणी गप करा रं, लई वराडती." मी म्हटलं, "व्हय की, मेलीला लाज न्हाय." आणि वांगी घेऊन आले.

एकदा एका साखर कारखान्याच्या निवडणुकीत एक उमेदवार आला. म्हणाला, "बाई, माझ्या आईच्या आवाजात बोलायचं. माझ्या लेकराला मत द्या म्हणून." मी विचारलं, आई वारल्यात काय? तर म्हणाला, "न्हाय, आई दुसऱ्या पॅनेलात हाय. थोरल्या भावाकडनं." मी ते काम केलं. ती आईबाई नंतर मला स्टुडिओत शोधत आली आणि मला बघून जी हसायला लागली, की अजितनं तिला पाणी दिलं. जाताना मात्र एक वाक्य बोलली, ते मी विसरले नाही. म्हणाली, "माझा आवाज गावात फिरला आन् मी घरात बसलेली. कुणी मला इचारलं बी न्हाय."

काजळाईचा आवाज मी कुठून आणला, ते आता सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बावड्यात आमच्या शेजारी तुळसाकाकू होत्या. एरवी इतक्या गरीब, की गाईनंसुद्धा ढुशी द्यावी. नवरा मारायचा. भिंतीला भिंत, आम्हाला सगळं ऐकू यायचं. पण मंगळवारी त्यांच्या अंगात देवी यायची. मग त्यांचा आवाज बदलायचा. घशातून यायचाच नाही, बेंबीखालून यायचा, हळू, जड, अर्धा श्वास आत ठेवून. कधी ओरडायच्या नाहीत. आणि तोच नवरा हात जोडून पायाशी बसायचा. 'हिला हात लावलास तर बघ,' असं देवी त्याला सांगायची आणि तो गुरुवारपर्यंत तरी हात लावायचा नाही. काकूंच्या अंगात खरंच काय यायचं, हे मला आजही सांगता येणार नाही. एवढं कळत होतं, की आठवड्यातून एक दिवस त्या बाईचं कुणीतरी ऐकत होतं. रोहननं पहिल्या दिवशी म्हातारीचा आवाज मागितला, तेव्हा मी नाटकातल्या दहा म्हाताऱ्या करून दाखवल्या. एकही पसंत नाही. वैतागून मी तुळसाकाकूंचा मंगळवार काढला. काचेपलीकडं अजितचा चहाचा कप हातात तसाच राहिला.

तिसऱ्या भागात काजळाईला गाव दगडं मारतं. खेळणाऱ्यानं ठरवायचं, तिला वाचवायचं की आपणही दगड उचलायचा. या कामाला आमच्यात वाक्यं नसतात, नुसते आवाज असतात. छोटा दगड लागला. मोठा दगड लागला. पडली. उठायला गेली. पुन्हा पडली. एकेक आवाज पाच-सहा तऱ्हेनं. दिवसभर मी त्या खोलीत एकटी उभी राहून मार खाल्ला. संध्याकाळी थुंकीत रक्त आलं. रोहन खूश. "मॅम, फार रिअल आलंय!" अजितनं कानावरचे हेडफोन काढून ठेवले होते. म्हणाला, "मावशी, बास. मला ऐकवंना." मला त्या दिवशी अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू? नटीला आणखी काय पाहिजे असतं?

तो भाग बाजारात आला आणि थोड्या दिवसांनी कांबळे गुरुजी स्टुडिओत आले. गडहिंग्लजच्या पुढं, कर्नाटकाच्या अंगाला एक गाव आहे, नाव सांगत नाही, तिथल्या शाळेवरचे मास्तर. अंधश्रद्धेविरुद्ध गावोगाव फिरणारा माणूस, बारीक, चष्मेवाला, आवाज मात्र खणखणीत. आल्या आल्या त्यांनी मोबाइल पुढं केला. "हा आवाज तुमचा का?"

मोबाइलवर एका म्हातारीचा फोटो होता. डोक्यावर गवताचा भारा, कपाळावर पदर. आणि फोटोवर माझा आवाज. 'दूध प्यायली ती माझ्या हातचं. आता परत जायची नाही.'

गेममधलं वाक्य होतं ते. राजाच्या मुलीबद्दल. कुणीतरी कापून त्या फोटोला चिकटवलं होतं आणि गावातल्या प्रत्येक मोबाइलवर ते फिरत होतं.

म्हातारीचं नाव बाळव्वा. एकटी, विधवा, एक म्हैस. शेजारच्या सुनंदाची चार वर्षांची पोरगी तिच्याकडं खेळायला यायची, वाटीभर दूध पिऊन जायची. त्या पोरीला ताप भरला. डेंग्यू होता, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला आणि ती गेली. आता चार वर्षांची पोरगी गेल्यावर आईला काय डेंग्यू सांगणार? कुणीतरी म्हणालं, करणी. कुणीतरी म्हणालं, दूध. आणि वर हे रेकॉर्डिंग. म्हातारीच्या स्वतःच्या तोंडचा कबुलीजबाब!

"पण बाळव्वाचा आवाज गावाला माहीत नाही काय?" मी विचारलं.

"बाई, सगळ्यांना माहीत आहे," गुरुजी म्हणाले. "ते म्हणतात, हा तिचा आतला आवाज आहे. खरा."

डेअरीवर तिचं दूध घ्यायचं बंद झालं होतं, कारण तिचं दूध मिसळलं तर बाकीचे आपलं घालेनात. सार्वजनिक नळावर तिला येऊ देत नव्हते. दारासमोर बाभळीच्या फांद्या टाकून वाट बंद केली होती. एक दगड कपाळाला लागून गेला होता. पोलीस येऊन समज देऊन गेले होते आणि ते गेल्यावर गावानं ठरवलं होतं, की अमावस्येला तिला गावाबाहेर काढायचं. काढायचं म्हणजे काय, ते गुरुजींनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दिवसभर एका खोलीत उभं राहून मी तेच तर केलं होतं.

गुरुजींच्या मुलीनं तो गेम खेळलेला होता, तिनं आवाज ओळखला आणि गेमच्या शेवटी येणारं माझं नाव शोधून काढलं. गुरुजींचं म्हणणं साधं होतं. तुम्ही गावात या. सगळ्यांसमोर तो आवाज काढून दाखवा. लोकांना दिसू द्या, की हा धंदा आहे, नाटक आहे. मग आपोआप भूत उतरेल. मला ते पटलं. अजितनं गाडी काढली, स्पीकर डिकीत टाकला. वाटेत तो एकदाच बोलला. "मावशी, ते वाक्य आपण नव्हं, लिवणाऱ्यानं लिवलंय." वाक्य कुणाचंही असो, आवाज माझा होता आणि तो माझ्याआधी त्या गावात पोचला होता.

बाजाराचा दिवस होता, ऊन कललं होतं. देवळासमोरच्या पारावर गाव जमलं होतं. पोरं मोबाइल धरून तयार. एकजण ओरडला, "पावणं, फोटो काढू काय? नाद खुळा!" त्यांना काजळाई बघायची होती. बायका देवळाच्या भिंतीला लागून बसलेल्या. त्यात सुनंदा कोणती, ते कुणाला सांगावं लागलं नाही. पंचविशीची असेल, केस न विंचरलेली, मांडीवर दोन्ही हात उताणे टाकून बसली होती.

अजितनं आधी स्पीकरवर ते वाक्य वाजवलं. मग मी उभी राहिले, गावच्याच भाषेत सांगितलं. "मी शालन. कोल्हापूरची हाय. नाटकात काम करत होतो, आता गेमात आवाज देतो. ह्यो आवाज माझा हाय. बाळव्वाचा न्हवं."

लोक हसले. एक म्हातारा म्हणाला, "बाई, तुमचा आवाज तर आमच्या घरच्यागतच हाय की. त्यो आवाज न्हवं ह्यो."

"काढून दाखवा की मग!" मागून कुणीतरी ओरडलं.

गुरुजींनी मान हलवली. मी डोळे मिटले, जबडा सैल सोडला, पोटात श्वास घेतला, अर्धा आत ठेवला. अर्धवट करून दाखवावं, एवढी अक्कल तेव्हा सुचली नाही. नाटकातल्या माणसाला अर्धवट जमतच नाही. मी अख्खी काजळाई काढली. 'दूध प्यायली ती माझ्या हातचं. आता परत जायची नाही.'

डोळे उघडले तर सगळीकडं चिडीचूप. मला वाटलं, जिंकलं. आता टाळ्या पडतील.

त्या म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली. हात जोडले. मग शेजारच्यानं. मग पोरांचे मोबाइल खाली गेले. एक बाई देवळात पळाली आणि हळदी-कुंकवाची कोयरी घेऊन आली. तिनं माझ्या कपाळाला एवढं मोठं कुंकू लावलं, पायावर तांब्याभर पाणी घातलं आणि खाली डोकं टेकलं. कुणीतरी म्हणालं, "आई आली."

त्यांनी ओळखला होता तो आवाज! पुण्याच्या कंपनीनं, इंटरनेटवरच्या पोरांनी, कुणीच ओळखला नव्हता, तो यांनी बरोबर ओळखला. प्रत्येकानं आपापल्या शेजारी एक तुळसाकाकू बघितलेली होती.

"अहो, काय करताय हे!" गुरुजी ओरडले. "नाटक आहे ते! बाई, सांगा ना त्यांना. बोला!"

मी तोंड उघडायच्या आत सुनंदा उठून आली. माझे पाय धरून बसली. "आई, तूच सांग. माझी पोर कुणी खाल्ली?"

मला तिथं जे दिसलं, ते सांगते. मी माझ्या आवाजात बोलले असते, तर आई गेली असती, एवढंच झालं असतं. मी कोल्हापूरची नाटकवाली बाई उरले असते, जिचं कुणी ऐकत नाही. प्रश्न तसाच राहिला असता आणि दोन दिवसांनी दुसरा कुणीतरी देवरशी येऊन त्याचं उत्तर देऊन गेला असता. पलीकडं बाभळीच्या फांद्यांमागं एक दार दिसत होतं. दार किलकिलं होतं.

मी गुरुजींकडं बघितलं नाही. श्वास पोटात घेतला.

"कुणी खाल्ली न्हाय," काजळाई म्हणाली. "ताप आला. डासाचा ताप. ताप घेऊन गेला."

"मग दूध?"

"दूध तिला ग्वाड लागायचं, म्हणून प्यायची. त्या म्हातारीचा हात तिच्या पाठीवर हुता. त्यो हात मोडाल, तर पोरगी बघंल."

बायकांत रडं फुटलं. सुनंदा रडली नाही. ती वर बघून म्हणाली, "मग आता मी कुणाच्या नावानं बोटं मोडू, आई? कुणाला धरू? सांग की!"

याचं उत्तर कुठल्याच भागात लिहिलेलं नव्हतं. खरं उत्तर हेच होतं, की पोरी, कुणालाच धरता येत नाही. पण ते ऐकून माणूस जगतो काय? कुठून आलं माहीत नाही, माझ्या तोंडून निघालं, "माझ्या नावानं मोड. मी हाय की."

तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. आणि मग दोन्ही मुठींनी माझ्या नडगीवर मारायला लागली. "का नेलीस? का नेलीस गं?" एकेक घाव हाडापर्यंत जात होता. कुणी तिला धरलं नाही, देवीला मारणाऱ्या आईला कोण धरणार? मार खायचे आवाज मी डझनानं काढलेत. त्या दिवशी माझ्या तोंडातून हूं की चूं निघालं नाही.

ती दमली तेव्हा बायकांनी तिला उचलून नेलं. आणि ज्यांनी बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या, त्यांनीच त्या ओढून बाजूला केल्या. हाताला काटे लागले तरी ओढत राहिले.

नंतरचं आधी सांगून टाकते. बाळव्वाचं दूध दुसऱ्या दिवसापासून डेअरीत जायला लागलं. अमावस्या आली आणि गेली. मी जिथं उभी होते, तिथं पाराच्या कडेला आता एक शेंदूर लावलेला दगड आहे. त्याला मंगळवारी नारळ फुटतो. त्याचं नाव काजळाई. पोरांना आवाज कुठला ते माहीतच होतं, त्यांनीच नाव सांगितलं. पुण्याच्या कंपनीनं खेळासाठी बनवलेली म्हातारी गडहिंग्लजच्या पुढं देवी होऊन बसली आहे. रोहनला मी हे सांगितलेलं नाही. सांगितलं तर हरखून जाईल, फोटो मागेल. आणि मला भीती वाटते, की पुढच्या वेळी कुणाचं लेकरू गेलं, तर लोक त्या दगडाला कौल लावायला जातील. तेव्हा बोलायला मी तिथं नसेन. दुसरंच कुणीतरी बोलेल.

गुरुजी त्या दिवशी मला फार लावून बोलले. "माझ्या आजोबांनी धर्मांतराच्या वेळी घरातला देव्हारा नदीत सोडला, बाई. आणि तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत नवा देव उभा केलात. मी तुम्हाला देव घालवायला आणलं होतं." मी म्हटलं, "गुरुजी, म्हातारी जगली." ते म्हणाले, "ही जगली. पुढची?" त्यांचं बरोबर होतं आणि माझंही बरोबर होतं, आणि यानं कुणाचंच समाधान होत नाही.

पण ते बोलणं व्हायच्या आधी मी बाळव्वाच्या घरात गेले होते. नडगी ठणकत होती, कपाळावर ते कुंकू तसंच. आत अंधारं, शेणाचा आणि शिळ्या दुधाचा वास. डेअरी घेत नव्हती तरी म्हशीला कोण सांगणार? दूध निघायचं आणि फुकट जायचं. सगळी भांडी दुधानं भरलेली, नासलेली. म्हातारी चुलीपाशी उकिडवी बसलेली. कपाळावरची जखम हळद भरून काळी पडलेली. इतकी लहान बाई असेल, असं फोटोत वाटलं नव्हतं.

"माझ्या हातचं घेतासा काय?" तिनं विचारलं. आणि मी हो म्हणायच्या आत स्वतःच म्हणाली, "नको. र्‍हाऊ द्या."

मी तिच्यापाशी खाली बसले. गुडघे बोंबलले, बोंबलू दे म्हटलं. ती बराच वेळ चुलीतली राख सारखी करत होती. मग म्हणाली, "बाई, एक इचारू? खरं सांगशीला?"

"इचारा की, आक्का."

"मी हाय काय?"

मला आधी कळलंच नाही.

"सगळी म्हंत्यात. एवढी माणसं खोटं कशी बोलतील? मी काय केलो न्हाय, एवढं मला ठावं हाय. पण न करता बी असंल की माझ्यात. मला न सांगता. पोरगी माझ्या मांडीवर बसून दूध प्याली आन् आठ दिसांत गेली. त्यो आवाज मोबाइलवर ऐकलो आन् मला बी वाटलं, रातचं निजल्यावर मीच असं बोलत असंन." तिनं माझ्याकडं बघितलं. "मी हाय काय चेटकीण?"

दगड मारले, पाणी तोडलं, दूध नासवलं, ते सगळं एकीकडं आणि हे एकीकडं. हे त्यांनी तिच्या आत नेऊन ठेवलं होतं आणि त्याला माझाच आवाज लावला होता. मला रडू फुटलं. मी तिचे दोन्ही हात धरले. "न्हाय हो आक्का. न्हाईसा तुमी. त्यो आवाज माझा हाय, मी शपथेवर सांगतो."

तिनं हात सोडवून घेतले. हळूच, राग न धरता. "तुमी नगा सांगू. तुमी भल्या हायसा, माझ्यासाठी बोलतासा. नाटकातल्या हायसा. मगाची आली हुती न्हवं, तिला इचारा. ती खोटं बोलायची न्हाय."

दारात सावली पडली. गुरुजी उभे होते. कधी आले कुणास ठाऊक, मला झापायलाच आले होते. पण त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला नाही.

"विचारा बाई तिला," ते म्हणाले.

तीन भाग मी त्या रोहनला विचारत आले, ही बाई चांगली का वाईट, आणि कुणी मला सांगितलं नाही. तीन भागांत काजळाईनं कुणालाच सरळ उत्तर दिलं नाही. तसं तिला लिहिलेलंच नव्हतं. मी डोळे पुसले. जबडा सैल सोडला. श्वास पोटात घेतला, अर्धा आत ठेवला.

"न्हाईस गं तू," काजळाई म्हणाली.

बाळव्वानं मान डोलवली. मग पदर कपाळावर ओढून घेतला, एक भांडं उचललं, त्यातलं नासलेलं दूध मोरीत ओतलं, भांडं विसळलं आणि गोठ्यात धार काढायला गेली.